कोल्ड फ्रंटच्या आधीची वादळं: नॉर्थ टेक्ससमधल्या मराठी घरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी सरत आला की डॅलस-फोर्ट वर्थ परिसरात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांचे तेच प्रश्न पुन्हा यायला लागतात. कुणी पुण्याहून थेट फ्रिस्कोला आलेलं असतं, कुणी न्यू जर्सीहून बदली होऊन. बर्फाची सवय असते, पण मार्चमधल्या रात्री वाजणाऱ्या वादळाच्या भोंग्याची नसते. आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलं आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वेळ कमी असेल तर ५, ७ आणि ८ आधी वाचा.

१. थंड हवा तर मागून येते. मग वादळं तिच्या आधी, चांगलं गरम असताना का होतात?

कारण वादळाला लागणारी ताकद त्या गरम हवेतच असते. कोल्ड फ्रंट, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, येण्याच्या आदल्या दिवसापासून दक्षिणेचा वारा सुटतो आणि मेक्सिकोच्या आखातावरची ओलसर हवा इथवर ओढून आणतो. मार्च महिना असूनही अंग चिकचिकायला लागतं. पश्चिमेच्या पठारावरून आलेली गरम, कोरडी हवा या ओलाव्यावर चढून बसते आणि त्याला वर जाऊ देत नाही. दिवसभर ऊन पडतं, खाली उष्णता साठत राहते. मग वायव्येकडून जड थंड हवा जमिनीलगत आत घुसते, ओली हवा जोराने वर ढकलली जाते आणि तासाभरात ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातात.

आपल्याकडच्या वळवालाही उकाडा आणि बाष्प लागतंच. पण तिथे वरचा वारा सहसा मंद असतो. ढगाचा पाऊस त्याच्याच वर चढणाऱ्या हवेत कोसळतो आणि तासाभरात ढग विरून जातो. इथे मात्र वसंतात जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, डोक्यावर असतो. जमिनीवर दक्षिणेचा वारा आणि पाच-सहा किलोमीटरवर पश्चिमेचा, कितीतरी जास्त वेगाचा. त्यामुळे ढग कलतो, पाऊस बाजूला पडतो, वर चढणारी हवा शाबूत राहते आणि ढग स्वतःभोवती फिरू लागतो. असा ढग तासन्‌तास जगतो. मोठ्या गारा आणि टोर्नेडो बहुतेक त्यातूनच येतात.

एकाच दिवशी दोन खेपा होऊ शकतात. दुपारी फ्रंटच्या बऱ्याच पुढे सुटे ढग उठतात, आणि रात्री खुद्द फ्रंटवर ढगांची लांबलचक रांग येते. संध्याकाळी पाऊस पडून गेला म्हणजे सुटलो असं धरू नका.

२. हा हंगाम नेमका कधी असतो?

मार्च ते मे, त्यातही एप्रिल आणि मे जोरात. जूनपासून जेट स्ट्रीम उत्तरेला सरकतो आणि धोका ओक्लाहोमा-कॅन्ससच्याही वर जातो. पण कॅलेंडरवर फार विसंबू नका. गार्लंड-राउलेटचा विध्वंसक टोर्नेडो २६ डिसेंबर २०१५ चा आणि उत्तर डॅलसमधला २० ऑक्टोबर २०१९ चा.

३. ‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’ यांत फरक काय? दरवेळी गोंधळ होतो.

वॉच म्हणजे वादळ व्हायला सगळं जुळून आलं आहे. ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथलं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर ते जाहीर करतं. त्यात अनेक काउंट्या (जिल्हे) येतात आणि ते बहुधा सहा-आठ तासांचं असतं. या वेळात स्वयंपाक, आंघोळ, फोन चार्जिंग सगळं उरकून घ्यायचं.

वॉर्निंग म्हणजे वादळ रडारवर दिसतं आहे किंवा कुणीतरी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ते तुमच्याकडे येतं आहे. आपल्या भागासाठी ती नॅशनल वेदर सर्व्हिसचं फोर्ट वर्थ इथलं कार्यालय देतं. ती अख्ख्या काउंटीला नसते, नकाशावर आखलेल्या एका चौकटीपुरती असते आणि साधारण अर्धा-पाऊण तास टिकते. टोर्नेडो वॉर्निंग आली की हातातलं काम टाकून आडोशाला जायचं. पोळी तव्यावर असेल तर गॅस बंद करा आणि निघा.

भारतात चक्रीवादळाची सूचना दोन-तीन दिवस आधी मिळते. ती सवय इथे घातक ठरते, कारण टोर्नेडोच्या वॉर्निंगनंतर हाताशी जेमतेम दहा मिनिटं असतात, कधी तीही नसतात.

४. नकाशात आम्ही ‘स्लाइट’मध्ये आहोत, टोर्नेडोची शक्यता फक्त ५ टक्के लिहिली आहे. मग एवढी काळजी कशाला?

स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरच्या नकाशात धोक्याच्या पातळ्या पाच आहेत: मार्जिनल (गडद हिरवा), स्लाइट (पिवळा), एन्हान्स्ड (नारिंगी), मॉडरेट (लाल), हाय (गुलाबी-जांभळा). ‘स्लाइट’ ही दुसरी पातळी. नावावरून किरकोळ वाटते, पण त्या दिवशीही कुणाच्या तरी छपरावर गारा पडतातच. हे नाव लोकांना उगाच गाफील ठेवतं, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून नावाऐवजी क्रमांक लक्षात ठेवा.

५ टक्क्यांचा अर्थ असा की तुम्ही आहात तिथून २५ मैलांच्या, म्हणजे ४० किलोमीटरच्या आत टोर्नेडो होण्याची शक्यता विसात एक आहे. एरवीच्या दिवशी हीच शक्यता एक टक्क्याच्याही खूप खाली असते. पावसाच्या ‘५ टक्क्यां’सारखं हे वाचायचं नसतं. माझा नियम साधा आहे: क्रमांक ३ किंवा वर असेल तर त्या संध्याकाळचा बेत बदलायचा, २ असेल तर बेत ठेवायचा, पण फोनवर लक्ष ठेवायचं.

५. आमच्या घराला बेसमेंट नाही. लपायचं कुठे?

इथल्या चिकणमातीमुळे जवळजवळ कुठल्याच घराला नसतं. घरं सरळ काँक्रीटच्या स्लॅबवर उभी असतात. नियम एवढाच की सगळ्यात खालचा मजला, घराचा मध्य, खोली लहान, खिडकी एकही नाही, आणि तुमच्यात व बाहेरच्या हवेत जास्तीत जास्त भिंती. बहुतेक घरांत ही जागा म्हणजे जिन्याखालचं क्लोझेट, तळमजल्याचं हाफ-बाथ किंवा मधल्या खोलीचं क्लोझेट.

अडचण अशी की मराठी घरांत जिन्याखालच्या क्लोझेटात भारतवारीच्या बॅगा, तांदळाची पोती, गणपतीच्या मखराचं सामान आणि दिवाळीचे आकाशकंदील गच्च भरलेले असतात. रात्री दोन वाजता ते रिकामं करता येत नाही. फेब्रुवारीतल्या एखाद्या शनिवारी सगळं बाहेर काढा, वरच्या फळीवरचं जड सामान कायमचं दुसरीकडे हलवा आणि घरातली सगळी माणसं दार लावून एकदा आत बसून बघा. मावत नसाल तर दुसरी जागा आत्ताच ठरवा.

आत असावं ते: प्रत्येकाला हेल्मेट (सायकलचं, क्रिकेटचं, कुठलंही), प्रत्येकाचे बूट, जाड रजई किंवा गादी, विजेरी, शिट्टी. मृत्यू आणि गंभीर इजा बहुतेक उडून आलेल्या वस्तूंमुळे होतात, म्हणून डोकं झाकणं सगळ्यात महत्त्वाचं. आणि बुटांचं विसरू नका. आपण घरात अनवाणी असतो, आणि वादळानंतर जमिनीवर काचा आणि खिळे असतात.

गॅरेजमध्ये थांबू नका. त्याचं मोठं दार वाऱ्यापुढे सगळ्यात आधी जातं. अपवाद एकच: गॅरेजच्या जमिनीखाली बसवलेलं स्टीलचं शेल्टर असेल तर ते उत्तम.

६. आम्ही अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो.

तळमजल्यावरच्या एखाद्या कुटुंबाशी आजच ओळख करून घ्या. ‘वॉच लागला तर आम्ही तुमच्याकडे येऊ का’ असं विचारलं तर इथली माणसं मनापासून ‘या’ म्हणतात. लीझिंग ऑफिसला क्लबहाऊस रात्री उघडं असतं का, तेही विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी ते कुलूपबंद असतं. वॉर्निंग आल्यावर खाली पळणं मात्र जोखमीचं, कारण इथले जिने बहुतेक उघडे, बाहेरच्या बाजूला असतात. तेव्हा वेळ उरला नसेल तर आपल्याच घराच्या मधल्या बाथरूमच्या टबात बसा आणि वरून गादी ओढून घ्या. खाली जायचा निर्णय वॉच असतानाच घ्यायचा.

७. वादळ रात्री येणार असं म्हणतात. झोपेत कळणार कसं? भोंगा तर वाजेलच ना?

भोंग्यावर विसंबू नका. तो बाहेर, मैदानात, बागेत असलेल्या माणसांसाठी बसवलेला असतो. बंद खिडक्या, चालू एसी आणि छपरावर कोसळणारा पाऊस यांत तो आत ऐकू येईलच असं नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये कुणीतरी यंत्रणेत घुसून डॅलसचे सगळे १५६ भोंगे मध्यरात्री वाजवले होते, तेव्हा आकाश निरभ्र होतं. म्हणजे भोंगा वाजला की आत जाऊन खात्री करायची, आणि नाही वाजला तरी खात्री करायची.

फ्रंटवरची रांग आपल्याकडे बऱ्याचदा रात्रीच येते. दुपारी ती पश्चिम टेक्ससमध्ये असते, मध्यरात्रीनंतर आपल्या दारात. ४ मार्च २०२५ ला ती पहाटे आली आणि मोठ्या भागाची वीज घेऊन गेली. २५ मे २०२४ च्या शनिवारी रात्री व्हॅली व्ह्यूजवळच्या टोर्नेडोत सात माणसं गेली. रात्री ढग दिसत नाही, टीव्ही बंद असतो, आणि माणूस गाढ झोपेत असतो. उठवणाऱ्या निदान दोन गोष्टी हव्यात, आणि त्या एकमेकींवर अवलंबून नसाव्यात.

पहिली, फोन. सरकारी इमर्जन्सी अलर्ट सेटिंगमध्ये चालू आहेत ना, ते बघा. त्या कर्कश आवाजाला कंटाळून बऱ्याच जणांनी ते कधीतरी बंद केलेले असतात. फोन विमान मोडवर टाकून झोपायची सवय असेल तर त्या रात्री मोडा. घरातले दोन फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर आणखी चांगलं.

दुसरी, नोआ वेदर रेडिओ. तीस-चाळीस डॉलरचं यंत्र, आत बॅटरी, इंटरनेटची गरज नाही. वॉर्निंग आली की ते स्वतःहून ओरडतं. त्यात आपल्या काउंटीचा कोड भरायचा, नाहीतर शेजारच्या दहा काउंट्यांसाठीही वाजत राहील आणि चौथ्या दिवशी तुम्ही ते कपाटात टाकाल. कोलिन ०४८०८५, डॅलस ०४८११३, डेंटन ०४८१२१, टॅरंट ०४८४३९. रेडिओवर हे इंग्रजी अंकांतच दाबायचे असतात. आणि तो बेडरूममध्ये ठेवा, स्वयंपाकघरात नको.

८. फ्रंट आज रात्री येणार आहे. दुपारी काय करायचं?

अंगणापासून सुरुवात करा. ट्रॅम्पोलिन, बागेतल्या खुर्च्या, छत्री, कुंड्या, कचऱ्याचे डबे: जे उडू शकतं ते आत किंवा गॅरेजमध्ये. तुळशीची कुंडीही आत घ्या, गारांनी ती पार झोडपून निघते आणि मागून थंडी येतेच (प्रश्न १९). गाडी गॅरेजमध्ये घ्या. गॅरेजचं सामान हलवून दोन गाड्या मावत असतील तर ती मेहनत आजच करा.

गॅरेजच्या मोटरला लोंबणारी लाल दोरी शोधा. वीज गेल्यावर ती ओढून दार हाताने उचलावं लागतं. बऱ्याच जणांनी वर्षानुवर्षं तिला हात लावलेला नसतो आणि सकाळी ऑफिसला निघताना गाडी आत अडकते.

फोन, पॉवर बँक, लॅपटॉप चार्ज करा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर तीही. पेट्रोल निम्म्याच्या वर. रात्रीचं जेवण लवकर, आंघोळी त्याआधी, कारण विजा कडाडत असताना नळाखाली उभं राहायचं नसतं. झोपताना अंगावर बाहेर पडता येईल असे कपडे, बूट पलंगाशी. मुलांना वरच्या मजल्यावर न झोपवता त्या रात्री सगळ्यांनी खालीच अंथरुणं टाकली तर निम्मं काम झालं. मुलांना तर मजाच वाटते.

आणि झोपण्याआधी शेवटचा अंदाज स्वतः वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणारा रडारचा फोटो कधीचा आहे, कुठला आहे, काहीच कळत नाही.

९. पिशवीत काय ठेवायचं?

सगळी औषधं, चष्मा, पासपोर्ट आणि व्हिसाची कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, थोडी रोकड, पाणी, चिवडा-लाडूसारखं न शिजवता खाता येईल असं, बाळाचं सामान. आय-७९७, आय-९४ (व्हिसा आणि प्रवेशाचे कागद) आणि विमा पॉलिसी यांचे फोटो फोनमध्ये आणि क्लाउडवर. मूळ कागद भिजले तर पुन्हा मिळवायला महिने जातात.

१०. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले आहेत. आम्ही ऑफिसात, ते दिवसभर घरी एकटे. इंग्रजी जेमतेम.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या घरांची. बहुतेकांचे आई-वडील नेमके मार्च ते ऑगस्टच्या दरम्यान येतात, म्हणजे ऐन हंगामात. फोनवरचे अलर्ट इंग्रजी किंवा स्पॅनिशमध्ये असतात. भारतातल्या सिमवर रोमिंगमध्ये ते येतील असं गृहीत धरू नका. पहिल्याच आठवड्यात इथलं सिम घालून द्या.

मग त्यांच्यासोबत एकदा प्रत्यक्ष करून बघा. ‘फोन असा वाजला’ म्हणून आवाज ऐकवा, आणि त्यांना चालत जिन्याखाली जाऊ द्या. बाबांचे गुडघे दुखत असतील तर आत एक बुटकं स्टूल ठेवा. त्यांना जमिनीवर बसता येत नाही, आणि उभं राहून वीस मिनिटं काढणं अवघड. आईंची श्रवणयंत्रं रात्री काढलेली असतात. त्यांच्या खोलीचं दार उघडं ठेवायचं आणि कुणी जाऊन उठवायचं, हे ठरवून ठेवा.

फ्रिजवर मोठ्या देवनागरी अक्षरांत एक कागद लावा: घराचा पत्ता, तुमचे नंबर, शेजाऱ्यांचं नाव आणि नंबर, ९११. खाली तीनच ओळी: ‘फोन जोरात वाजला की जिन्याखाली जा. हेल्मेट घाला. आम्ही फोन करेपर्यंत बाहेर येऊ नका.’ ९११ ला फोन करून ‘हिंदी’ एवढं म्हटलं तरी बहुतेक केंद्रं दुभाष्याला जोडून घेतात, पण आधी पत्ता सांगायचा.

डॅलससह अनेक शहरांत महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला भोंग्याची चाचणी होते. हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर निरभ्र आकाशाखाली फिरायला गेलेले बाबा घाबरतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वेळी ‘चाचणीच असेल’ म्हणून चालत राहतील.

११. मुलं शाळेत असताना वॉर्निंग आली तर आणायला जाऊ का?

नाही. शाळेत ठरलेल्या जागा असतात, मुलांचे सराव झालेले असतात आणि बहुतेक शाळा वॉर्निंग संपेपर्यंत कुणाला सोडत नाहीत. तुम्ही रस्त्यावर असणं हाच मोठा धोका. आणायला आधीच पोहोचला असाल तर गाडीच्या रांगेत न बसता इमारतीत जा.

१२. गाडी चालवत असताना टोर्नेडो वॉर्निंग आली तर? पुलाखाली थांबू का?

पुलाखाली कधीच नाही. पुलाखालच्या चिंचोळ्या जागेत वारा आणखी जोर धरतो आणि उडणारं सामान तिथेच घुसतं. ३ मे १९९९ च्या ओक्लाहोमातल्या वादळांत असे पुलांखाली थांबलेले तिघं दगावले. वर, एकाने गाडी थांबवली की मागचा रस्ता तुंबतो.

जवळचं पक्कं बांधकाम गाठा: मोठं दुकान, हॉटेल, पेट्रोल पंपाची पक्की इमारत, आणि तिथल्या बाथरूमकडे किंवा आतल्या बोळात जा. तेही शक्य नसेल तर दोनच पर्याय उरतात आणि दोन्ही वाईट: पट्टा लावून, डोकं खिडकीच्या खाली वाकवून, हातांनी किंवा ब्लँकेटने झाकून गाडीत राहणं, किंवा रस्त्यापेक्षा स्पष्ट खोल खड्डा असेल तर त्यात पालथं पडणं.

‘गाडीने पळून जाऊ’ हा विचार मनातून काढा. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेला एल रिनो इथला टोर्नेडो २.६ मैल रुंद झाला आणि शहरातून पळणाऱ्या गाड्यांनी हायवे तुंबले. त्यात अनुभवी वादळ-अभ्यासकही गाडीतच गेले. गार्लंडला २०१५ मध्येही बहुतेक बळी गाड्यांमधले होते, आय-३० आणि जॉर्ज बुश टर्नपाइकच्या जंक्शनजवळ.

१३. रस्त्यावर पाणी साचलंय. आमची एसयूव्ही उंच आहे, जाईल ना?

जाणार नाही असं समजा. वाहत्या पाण्यात सहा इंच माणसाला पाडायला पुरतात, बारा इंच छोटी गाडी वाहून नेतात आणि दोन फुटांत बहुतेक एसयूव्हीसुद्धा जातात. रात्री तर पाण्याखाली रस्ता उरला आहे की नाही, हेही दिसत नाही. मागे फिरा.

१४. गारांपासून गाडी वाचवायची कशी? आमच्याकडे गॅरेज नाही.

एक इंचाची गार पडली की वेदर सर्व्हिस वादळाला ‘सिव्हिअर’ म्हणते. इथे मापं नाण्यांत आणि चेंडूंत सांगतात. ‘बेसबॉल’ म्हणजे पावणेतीन इंच, आपल्या लेदरच्या क्रिकेट बॉलएवढा. तो चाळीस हजार फुटांच्या ढगातून बर्फाचा होऊन येतो, तेव्हा काच राहत नाही.

वॉच लागायच्या आधी जवळचं बहुमजली पार्किंग शोधून तिथे गाडी लावून या. जाड रजया बांधल्या तर लहान गारांनी पडणारे पोचे कमी होतात, मोठ्या गारांपुढे उपयोग नाही. आणि गारा सुरू झाल्यावर गाडी झाकायला बाहेर धावू नका. गाडीची भरपाई होते (प्रश्न २०).

१५. गुढीपाडव्याचा कार्यक्रम शनिवारी आहे आणि त्याच दिवशी फ्रंट. रद्द करायचा का?

सभागृह भाड्याने घेणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी विचाराव्यात: तुफानाच्या वेळी माणसांना कुठे नेतात, आणि तिथे तीन-चारशे जण मावतात का. शाळेचं ऑडिटोरियम किंवा जिम हीच सगळ्यात कच्ची जागा, कारण मोठ्या छपराला मध्ये आधार नसतो. आतले बोळ, बाथरूम, ग्रीनरूम बऱ्या. एकाला फक्त हवामानावर लक्ष ठेवायचं काम द्या, त्याने त्या दिवशी ना पंगतीत वाढायचं ना नाटकात काम करायचं. वॉर्निंग आल्यावर माइकवरून मराठीत सूचना कोण देणार, तेही ठरवा. कार्यक्रम संध्याकाळचा आणि धोका तिसऱ्या पातळीचा असेल तर मी पुढे ढकलेन. श्रीखंड फ्रिजमध्ये टिकतं.

क्रिकेट लीग आणि होळी यांचा प्रश्न विजेचा. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. सगळ्यांनी इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं. तंबू, झाड, लोखंडी बाकं नकोत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं, मग तीन ओव्हर राहिलेल्या असोत की एक.

१६. फक्त ‘सिव्हिअर थंडरस्टॉर्म वॉर्निंग’ आहे, टोर्नेडोची नाही. झोपून राहिलो तर चालेल?

२८ मे २०२४, मेमोरियल डेच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. डॅलसवरून वाऱ्याची रांग गेली. वारा सरळ रेषेतला, वेग ताशी ७० मैलांहून जास्त. सहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, काहींची कित्येक दिवस आली नाही. मोठं झाड घरावर पडलं तर ते कुठल्या वाऱ्याने पाडलं याने फरक पडत नाही.

म्हणून मजकूर वाचा. त्यात ‘डिस्ट्रक्टिव्ह’ लिहिलं असेल, म्हणजे वारा ताशी ८० मैल किंवा गारा पावणेतीन इंचांच्या, तर टोर्नेडो वॉर्निंगसारखंच वागा. असा इशारा फोनवरही कर्कश वाजतो. साधी वॉर्निंग असेल तर निदान खिडक्यांपासून आणि मोठ्या झाडाच्या बाजूच्या खोलीतून बाहेर या. फ्रंटवरच्या रांगेत छोटे टोर्नेडो दोन-चार मिनिटांत उठतात आणि संपतात. कधी वॉर्निंग निघेपर्यंत ते होऊनही गेलेले असतात.

१७. वीज गेली तर?

फ्रिज बंद ठेवला तर चार तास, भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. जनरेटर गॅरेजमध्ये नको, दार उघडं ठेवूनही नको. घरापासून २० फूट लांब. कोळशाची शेगडी किंवा कँपिंग स्टोव्ह घरात पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि वादळातून वाचलेली माणसं त्याने जातात. तुटून पडलेली तार निर्जीव आहे असं कधीच समजू नका.

१८. खिडक्या थोड्या उघडल्या की घरातला दाब कमी होऊन छप्पर वाचतं, खरं का?

खोटं. वारा आत शिरला की छप्पर उलट लवकर उचललं जातं. ‘टोर्नेडो गजबजलेल्या शहरात येत नाही’ हेही खोटं: २८ मार्च २००० ला तो फोर्ट वर्थच्या डाउनटाउनमधून गेला. ‘नैऋत्य कोपरा सुरक्षित’ हे जुनं सांगणंही सोडून द्या.

१९. वारा उत्तरेचा झाला, गारवा आला. आता संपलं का?

बहुतेक वेळा हो. उत्तरेचा वारा आणि कोरडी हवा ही फ्रंट पुढे गेल्याची खूण. पण तीन अपवाद लक्षात ठेवा. पहिला, दुपारच्या वादळातून सुटलेली गार हवासुद्धा अशीच वाटते. खरा फ्रंट अजून शंभर मैल मागे असू शकतो. तपमान थोडं उतरलं पण तासाभराने पुन्हा उकडायला लागलं, तर धोका बाकी आहे. दुसरा, फ्रंट कधी आपल्यावरच अडकतो किंवा गरम होऊन परत उत्तरेला सरकतो; मग दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. तिसरा, फ्रंट गेल्यावरही त्याच्यामागच्या थंड हवेवर चढणाऱ्या ओल्या हवेतून गारा पडू शकतात. त्या वेळी टोर्नेडोचा धोका कमी असतो, पण गाडीच्या काचेला त्याचं काय.

बागेसाठीही एक गोष्ट. मार्चच्या मध्यापर्यंत दवबर्फाची शक्यता असते. दुपारी ८० अंश फॅरनहाइट आणि दुसऱ्या पहाटे तिशीत, असंही होतं. कढीपत्ता, मोगरा आणि नुकती लावलेली मिरचीची रोपं आत घ्या.

२०. गारांनी छप्पर गेलं. विमा सगळं देतो का? दारावर आलेला रूफर (छप्पर बसवणारा) म्हणतो, डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण भरायचा वाटा, मीच माफ करतो.

पॉलिसीत ‘विंड अँड हेल’चं डिडक्टिबल वेगळं असतं आणि ते बहुधा टक्क्यांत असतं. घराचा विमा पाच लाख डॉलरचा आणि डिडक्टिबल दोन टक्के, तर पहिले दहा हजार तुमचे. छप्पर नव्याच्या किमतीने धरलं आहे की घसारा वजा करून, तेही आजच बघा. जुन्या छपराला दुसऱ्या प्रकारात फारच थोडे मिळतात. पुराचं पाणी घराच्या विम्यात येत नाही. पुराचा सरकारी विमा वेगळा, आणि तो साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो, म्हणून अंदाज पाहून घेऊन उपयोग नाही. गाडीसाठी ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ हवं. भाड्याने राहत असाल तर घरमालकाचा विमा तुमच्या सामानाला धरत नाही, स्वतःचा रेंटर्स इन्शुरन्स घ्या.

डिडक्टिबल माफ करतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्ससमध्ये ते बेकायदा आहे, आणि ते भरल्याचा पुरावा विमा कंपनी मागू शकते. या राज्यात रूफरला सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे वादळाच्या दुसऱ्या दिवशी कुणीही शिडी घेऊन येतो. आधी स्वतः सगळीकडचे फोटो काढा, गळती असेल तर ताडपत्री टाकून पावती ठेवा, विमा कंपनीला कळवा. त्यांचा माणूस पाहून जाईपर्यंत टॅबलेटवर कुठेही सही करू नका. ‘फक्त तपासणीची परवानगी’ म्हणून पुढे केलेला कागद बऱ्याचदा अख्खा करार असतो.